गायतोंडे यांना ‘भारताचे रॉथको’ म्हणणे कितपत योग्य?

प्रश्न:
चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा विषय निघाला की अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथको यांचे नाव हमखास येते. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते, हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांच्या चित्रांचे मूळ तिकडेच शोधावे का? आपल्याकडील अमूर्त (ओळखीच्या वस्तू वा आकृती न दाखवणाऱ्या) चित्रकलेला स्वतःचा पूर्वेतिहास आहे की नाही, यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १:
सनावळी पाहिली तरी शंका फिटते, कारण न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच ते अमूर्ताकडे वळलेले होते. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातील शिक्षण संपवल्यानंतरच्या काळात त्यांनी लघुचित्रांचा अभ्यास केला, त्यांतील आकृत्या वगळून रंगांची परस्पर प्रमाणे तेवढी न्याहाळली, आणि पुढे युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांच्या रेषेतील खेळकरपणाने त्यांना ओढून घेतले. खरा फरक मात्र रंग लावण्याच्या पद्धतीत आहे. रॉथको पातळ रंगाचे थर चढवून कडा विरघळलेले आयत एकावर एक मांडत. गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग पसरत, खरवडून काढत, फाडलेल्या कागदांच्या साहाय्याने त्याचे ठसे उमटवत. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासजवळ उभे राहिले, तर एकरंगी वाटणाऱ्या पृष्ठभागात खालचे थर आणि तुटक, लिपीसारखे भासणारे आकार दिसू लागतात. पुस्तकातील छपाईत हे सारे सपाट होते, आणि दोघे सारखे वाटण्याचे निम्मे कारण (माझ्या मते) तेच आहे.

प्रतिसाद २:
वरील मुद्दे मान्य आहेत. तरी प्रभाव सरसकट नाकारण्याची घाई नको. क्ले हेही परदेशीच होते! प्रश्न उसनवारीचा नसून क्रम कोण लावतो याचा आहे. अमूर्ताचा आरंभ रशियन चित्रकार कँडिन्स्की यांच्यापासून धरण्याचा प्रघात होता, परंतु स्वीडिश चित्रकर्ती हिल्मा आफ क्लिंट यांची १९०६ पासूनची चित्रे आता त्याआधी मोजावी लागतात. न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यानेच २०१४ मध्ये गायतोंडे यांचेही भरवले होते.

प्रतिसाद ३:
आजच्या चित्रकारांविषयी बोलायचे, तर वारसा वर्गातूनही येतो. जे. जे. मधील शिक्षक शंकर पळशीकर यांचे विद्यार्थी, अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते यांनी पुढे जे. जे. मध्येच शिकवले, त्यामुळे मुंबईतील अनेक अमूर्त चित्रकारांचे नाते न्यूयॉर्कपेक्षा याच परंपरेशी अधिक जवळचे आहे. मूळ चित्रे पाहायची असल्यास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. मांडणी बदलत असते, म्हणून आधी चौकशी करून जावे.