यकृताच्या कर्करोगाचा प्रसार: वनस्पतींकडे आपण पाठ फिरवतोय का?

केतकी (धागाकर्ती): यकृतातल्या गाठीच्या पेशी एमएमपी नावाची विकरं (एन्झाइम्स) सोडून पेशींभोवतालची प्रथिनांची जाळी विरघळवतात, रक्तात शिरतात आणि बहुतेकदा फुप्फुसात जाऊन रुजतात. कर्क्युमिन, बर्बेरिन हे वनस्पतींतले घटक प्रयोगशाळेत नेमकी हीच विकरं कमी करताना दिसलेत. कर्करोगावरची औषधंच बघा: पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतून मिळालं, व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतून. मग इथेच हात आखडता का? पेटंट नाही म्हणून पैसा नाही, मला तरी हेच कारण दिसतं.

पेशीवाली: मी हेच प्रयोग करते. बशीत पेशींचा थर वाढवायचा, पिपेटच्या (द्रव मोजून टाकायच्या नळीच्या) टोकाने सरळ ओरखडा काढायचा, वनस्पतीतला घटक टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पेशी सरकून तो किती भरला ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. ओरखडा उघडा राहिला की लोक लिहितात, ‘प्रसार रोखला’. अहो, पेशी मेल्या तरी तो उघडाच राहतो! शिवाय बशीत ओततो तेवढं कर्क्युमिन शरीरात पोचतच नाही. रोज ८ ग्रॅम तोंडाने दिलं तरी रक्तात जेमतेम सापडतं, कारण आतडं आणि यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतात.

केतकी: मग आयकॅरिटिनचं काय? एपिमेडियम या वनस्पतीशी नातं असलेलं हे औषध चीनने २०२२ मध्ये यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगासाठी मंजूर केलं. या कर्करोगावरचं जुनं औषध सोराफेनिब, त्याच्या २००७ च्या निकालांत रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जगले तो काळ) ७.९ वरून १०.७ महिने झालं. एवढ्याशा फरकासाठी माणसं झगडतात, त्यांना नवे मार्ग नकोत?

पेशीवाली: हवेतच. पण आयकॅरिटिन म्हणजे एकच शुद्ध रेणू, मोजलेली मात्रा आणि माणसांवर झालेली चाचणी. ते बाजारात आलं, म्हणजे पेटंटची सबबही टिकत नाही.

सावली: माझ्या बाबांना हाच आजार होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) एकदम चढलं, मूळ उपचार थांबवावे लागले. कारण कॅप्सूलच होत्या की आजार, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हे मला फार उशिरा समजलं. आधीच सुजलेल्या यकृतावर हा भार कशाला?

केतकी: सावली, हे मला ठाऊक नव्हतं. चाचण्यांची मागणी मी सोडत नाही, पण रुग्णांनी डॉक्टरांना न सांगता काहीही सुरू करू नये, हे धाग्याच्या सुरुवातीलाच टाकते.