मदत हवी आहे: ११ सेकंदांच्या शांततेवर निवेदन घालावं का?

मंडळी, बीडच्या ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट एडिट करतेय. फुटेज ६४ तासांचं, फिल्म हवीय ५२ मिनिटांची. मुलाखती उतरवून कागदावर क्रम लावलाय: मुकादमाची उचल (आगाऊ दिलेले पैसे), कोप्यांतलं (झोपड्यांतलं) बिऱ्हाड, तोडणी, परतीची वाट. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. सुरुवात तिथूनच केलीय.

अडलंय एका शॉटवर. मोळी बांधून झाल्यावर एक बाई कोयता खाली ठेवते, पदरानं मान पुसते आणि ११ सेकंद नुसती कॅमेऱ्याकडे बघते. दिग्दर्शकांना तिथे निवेदन हवंय. मला वाटतं, फक्त पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांची, सळसळ ऐकू यावी. तिच्या नजरेवर दुसऱ्याचे शब्द घालायला मन धजत नाही.

अशा वेळी तुम्ही दिग्दर्शकांना कसं पटवता? दोन्ही कट शेजारी-शेजारी दाखवू का? शुक्रवारी रफ कट द्यायचाय.