मदत हवी आहे : तबल्याचा रोजचा रियाज कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी. मुलगा गांधर्व मंडळाच्या मध्यमा प्रथम या तबला परीक्षेची तयारी करतोय. शनिवार-रविवारी तासन्‌तास बसतो, पण मधले दिवस शाळा आणि क्लासमध्ये कोरडे जातात. सोमवारी बोल (तबल्यावर वाजणारी अक्षरं) स्वच्छ असतात. गुरुवारी तीच बोटं जड पडतात, 'तिरकिट'मधला 'ट' दबतो आणि दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, तीनतालाच्या 16 मात्रा सांभाळताना सम (तालाची पहिली मात्रा) निसटते. फार वाईट वाटतं, कारण हात खरंच गोड आहे त्याचा. मला वाटतं, रोजची 20 मिनिटंसुद्धा पुरतील.

ज्यांची मुलं विशारद या वरच्या परीक्षेपर्यंत पोचली, त्यांनी कृपया सांगा : वेळ सकाळची ठेवलीत की रात्रीची? फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना कसं सांभाळलंत? आणि 20 मिनिटांत लेहऱ्यावर (तालासोबत फिरत राहणाऱ्या धुनेवर) एकच कायदा (ठरावीक बोलांची रचना) घोळवावा, की पलटेही (त्याच बोलांचे फेरफार) घ्यावेत?