काचबिंदूसाठी पीईआरजी टेस्ट (डोळ्याच्या पडद्याचा विजेचा सिग्नल मोजणारी) गोव्यात कुठे होते का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दादासाठी विचारतेय. आमच्या आईला काचबिंदू आहे आणि कळला तेव्हा फार उशीर झालेला, कारण दुखत नाही खुपत नाही, पेपर वाचता येतो, मग शंका येणार कुणाला. आता अंगणातली पायरी तिला दिसत नाही, पाऊल पुढे करून चाचपते आणि मगच उतरते. डॉक्टर म्हणाले मुलांनीही तपासून घ्या. माझं नॉर्मल आलं, पण दादाच्या (वय ४२) डोळ्याचं प्रेशर २४, म्हणजे जास्त, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन) बॉर्डरलाइन, आणि फील्ड टेस्ट तर धड होतच नाही. हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत बसायचं, कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं, त्याची नजर तरी हलते नाहीतर डोळा तरी लागतो, दर वेळी रिपोर्ट अनरिलायबल. 'सस्पेक्ट' (काचबिंदूचा संशय) लिहून सहा महिन्यांनी बोलावलंय.

वाचलं की फील्डमध्ये डाग दिसेपर्यंत रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) गँगलियन पेशी, म्हणजे मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या पेशी, पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त गेलेल्या असू शकतात आणि गेल्या त्या परत येत नाहीत, मग सहा महिने नुसतं बसायचं कसं? पीईआरजीत म्हणे समोर काळेपांढरे चौकोन अदलाबदल होत राहतात, आपण फक्त बघायचं, सिग्नल इलेक्ट्रोड पकडतात, बटण-बिटण काही नाही. मायामीच्या एका अभ्यासात (२०१३) सस्पेक्ट पेशंटांचा हा सिग्नल ओसीटीत थर पातळ व्हायच्या कितीतरी वर्षं आधीच उतरलेला दिसला. ही टेस्ट पणजी, मडगाव, बांबोळीला कुठे होते का? दादाला चष्मा आहे, चालतं का? आणि व्हीईपी वेगळी ना?

प्रतिसाद: ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. पीईआरजी चष्म्याचा नंबर लावूनच करतात, बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स घालत नाहीत. सिग्नल अगदी बारीक असतो, जबडा आवळला तरी बिघडतो. व्हीईपीत इलेक्ट्रोड डोक्याच्या मागे लावतात, ती डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा सगळा रस्ता बघते, म्हणून न्यूरोवाल्यांकडे होते, पण सुरुवातीच्या काचबिंदूला पीईआरजी जास्त कामाची. मात्र मॅक्युलाचा (रेटिनाच्या मधल्या भागाचा) त्रास असला तरी पीईआरजीचा सिग्नल कमी येतो, एकट्या या टेस्टवर निदान करू नये. कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी मोजली का? कॉर्निया जाड असला तर प्रेशर उगाच जास्त दिसतं. गोनिओस्कोपी (डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन बघायची तपासणी) झाली का तेही विचारा. आणि फील्ड टेस्ट करताना थकला तर बटण दाबून धरायला सांगा, टेस्ट तिथेच थांबते, सोडलं की पुढे चालू.

धागाकर्ती: दाबून धरायचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! खूप आभार. जाडीचा आकडा फाइलमध्ये नाहीये, सोमवारी फोन करून विचारते. मशीन कुठे आहे ते कुणाला माहीत असेल तर प्लीज लिहा, बेळगावला जावं लागलं तरी जाऊ.