फ्लाइट सिम्युलेटरसाठी व्हीआर हेडसेट : वय सत्तर, चष्मा प्रोग्रेसिव्ह

प्रेषक : सभासद, एडिसन

सप्रेम नमस्कार.

माझे वडील गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहायला आले आहेत आणि सकाळचा चहा झाला की ते मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर सेसना १७२ घेऊन बसतात. लहानपणी जुहूच्या विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहून त्यांनी विमाने पाहिली, तेव्हापासूनचे हे वेड आहे. वाढदिवसाला योक (विमानाचे सुकाणू) आणि रडर पेडल (पायाने विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवायची) दिले, त्याचा त्यांना फार आनंद झाला. परंतु आता त्यांची एकच तक्रार असते. धावपट्टीला समांतर उडताना ती खिडकीतून कितपत मागे गेली हे पाहून वळायचे असते, आणि पडद्यावर ते पाहायला बटणे दाबावी लागतात. परवा ते म्हणाले, "मला नुसतं डावीकडे वळून बघायचंय रे."

म्हणून व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांना लावून मान वळवली की दृश्यही वळते असे यंत्र, घ्यावा असे ठरवले आहे. सहाशे डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. संगणकात आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी मेमरी आहे. बाबांना प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेला, चष्मा आहे. ओळखीतून एक जुना एचपी रिव्हर्ब जी२ अगदी स्वस्तात मिळतो आहे, त्याचे रिझोल्यूशनही चांगले दिसते. तो घ्यावा का, की मेटाचा नवा क्वेस्ट ३ घ्यावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपला,
एडिसनचा सभासद


प्रेषक : सभासद, पार्सिपनी

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांची तक्रार अगदी रास्त आहे. खांद्यावरून मागे पाहून धावपट्टी साधारण पंचेचाळीस अंशांवर आली की वळायचे, हे प्रत्यक्ष वैमानिकालाही पहिल्या काही दिवसांतच शिकवतात, आणि सपाट पडद्यावर नेमके तेच जमत नाही. मी २०१८ मध्ये एक्स-प्लेन ११ या सिम्युलेटरला व्हीआरची सोय आली तेव्हापासून हेडसेट वापरतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रिव्हर्ब जी२ घेऊ नये. २०२० मध्ये तो आला तेव्हा दर डोळ्याला २१६० × २१६० पिक्सेल ही मोठी गोष्ट होती आणि विमाने उडवणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला होता. परंतु तो विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्थाच काढून टाकली. हौशी मंडळींनी काही मार्ग शोधले असले तरी सत्तरीच्या माणसाच्या हातात अशी वस्तू देऊ नये, जी एखाद्या अपडेटनंतर सकाळी उठून पाहावी तर बंद पडलेली असेल.

हेडसेट निवडताना लोक आधी रिझोल्यूशन पाहतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की आधी डोळे पाहावेत, मग संगणक, आणि दुकान सर्वांत शेवटी. दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला चष्म्याच्या दुकानात पीडी म्हणतात, ते मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. प्रौढ माणसात ते सरासरी ६३ च्या आसपास असते. पण आमच्या घरात माझे ६७ आणि पत्नीचे ५८ आहे, आणि माझ्या मापावर लावलेला हेडसेट तिने डोळ्यांना लावला की दहा मिनिटांत तिचे कपाळ दुखू लागते. क्वेस्ट ३ मध्ये खालच्या बाजूला एक चाक असते आणि त्याने हे अंतर ५८ पासून ७१ मिलिमीटरपर्यंत हवे तसे जुळवता येते. स्वस्तातल्या क्वेस्ट ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशी तीनच ठिकाणे आहेत. त्याची भिंगे जुन्या, वलयांच्या म्हणजे फ्रेनेल पद्धतीची आहेत, त्यामुळे नजर मध्यापासून सरकली की अक्षरे पुसट होतात. गाडीच्या शर्यतीत माणूस बहुतेक वेळ समोर पाहतो, तिथे हे चालून जाते. विमानात मात्र नजर सारखी खाली उंचीमापकाकडे जाते आणि परत वर येते, म्हणून क्वेस्ट ३ ची सपाट पॅनकेक भिंगे इथे खरी उपयोगी पडतात.

आता चष्मा. हेडसेटमधले चित्र जवळचे दिसो वा लांबचे, भिंगांमुळे डोळ्याला ते नेहमी एका मीटरहून अधिक अशा एकाच ठरावीक अंतरावर असल्यासारखे पाहावे लागते. त्यामुळे कॉकपिटमधली घड्याळे, म्हणजे वेग-उंचीची मापके, हाताच्या अंतरावर भासत असली तरी वाचनाचा नंबर तिथे कामाचा नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून बाबांनी नजर खाली नेली की ती काचेच्या वाचनाच्या भागातून जाईल आणि आकडे धूसर होतील. मग ते हेडसेटला दोष देतील. त्यांच्या लांबच्या नंबरच्या, एकाच पॉवरच्या काचा हेडसेटच्या भिंगांवर बसवून मिळतात, त्या करून घ्याव्यात. चष्म्याची फ्रेम भिंगाला घासून कायमचे चरे पडण्याची भीतीही त्याने जाते. हा खर्च सहाशेंत धरावाच.

संगणकाबद्दल एक हिशेब सांगतो. क्वेस्ट ३ चे दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे ९१ लाख पिक्सेल होतात, म्हणजे ४के पडद्याच्या ८३ लाखांहून अधिक, आणि भिंगाचा बाक दुरुस्त करण्यासाठी कार्डाला त्याहूनही मोठे चित्र काढावे लागते. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रे (फ्रेम) दाखवताना, एका फ्रेमला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात. आपले कार्ड हे काम करील, पण ढग, रहदारी आणि दूरचा भूभाग यांच्या सेटिंगवर पाणी सोडावे लागेल. पिमॅक्स क्रिस्टल लाइटसारख्या, दर डोळ्याला २८८० × २८८० पिक्सेल असलेल्या हेडसेटच्या मोहात आपण पडला नाहीत हे बरे झाले. त्याला याहून बरेच दणकट कार्ड लागते.

क्वेस्ट ३ सोबत येणारा कापडी पट्टा मात्र पहिल्याच दिवशी बदलावा. यंत्र ५१५ ग्रॅमचे आहे आणि त्या पट्ट्यावर सगळा भार गालांवर येतो. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा घेतला तर वजन वाढूनही डोक्याला हलके वाटते, कारण पुढचा भार मागच्या भाराने तोलला जातो.

आपला,
पार्सिपनीचा सभासद


प्रेषक : सभासद, जर्सी सिटी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

पार्सिपनीच्या काकांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. मी असेटो कोर्सा या शर्यतीच्या खेळात गाड्या चालवते आणि माझ्याकडे प्लेस्टेशन व्हीआर२ आहे, त्याचीही बाजू मांडते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा संगणकाला जोडायचा अ‍ॅडॅप्टर ६० डॉलरला आला, तेव्हापासून तो स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या दुकानातल्या खेळांसाठी चालतो. चित्र थेट डिस्प्लेपोर्टच्या तारेतून येते, म्हणून क्वेस्टप्रमाणे ते दाबून, म्हणजे कॉम्प्रेस होऊन, येत नाही. पडदा ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा वा विझणारा, असल्याने रात्रीचा अंधार खरोखर काळा दिसतो. रात्री धावपट्टीचे दिवे त्यात पाहावेत, इतके ते सुंदर दिसतात. त्याची भिंगे फ्रेनेल आहेत ही उणीव मात्र मी मान्य करते, आणि बाबांना घड्याळे वाचायची असल्याने मीही त्यांच्यासाठी क्वेस्ट ३ च सुचवीन.

मला खरे लिहायचे आहे ते मळमळीबद्दल, कारण पुष्कळ जण पहिल्याच दिवशी हौसेने तासभर बसतात आणि मग तो हेडसेट कपाटातून बाहेर येत नाही. डोळे सांगतात की आपण वळलो आणि कानातला तोल सांगतो की आपण जागचे हललो नाही, यातून ती मळमळ होते. गंमत अशी की उंचावर, सरळ उडताना ती फारशी होत नाही. जमिनीवर टॅक्सी करताना, म्हणजे विमान चाकांवर हळू चालवत नेताना, जवळच्या वस्तू भराभर बाजूने जात असताना, ती अधिक होते. म्हणून पहिल्या आठवड्यात बाबांना थेट तीन हजार फुटांवरून सुरुवात करू द्या. दहा मिनिटे पुरेत. कपाळाला किंचित घाम आला किंवा तोंडाला पाणी सुटले की लगेच हेडसेट काढायचा, थोडे सोसून पाहू असे मुळीच करायचे नाही, कारण सोसल्याने सवय होत नाही, उलट धास्ती बसते. समोर एक छोटा पंखा ठेवा. चेहऱ्यावरच्या वाऱ्यामुळे समोरची दिशा शरीराला कळत राहते. मी आलेपाकाची वडी जवळ ठेवते, मला तिचा उपयोग होतो.

दुसरे असे की हेडसेट लावल्यावर हात दिसत नाहीत. योकवरचे फ्लॅपचे (उतरताना खाली घ्यायच्या पंखांच्या झडपांचे) बटण कोणते आणि ब्रेकचे कोणते हे बोटांना कळले पाहिजे. मी माझ्या स्टिअरिंगच्या चार बटणांवर खड्यांच्या टिकल्या लावल्या आहेत : एकावर गोल, एकावर चंद्रकोर, एकावर लांबट, आणि चौथ्यावर दोन बारीक टिकल्या जवळजवळ. भारतातून आणलेल्या पाकिटातल्या आहेत. गोंद सुटला की बदलायच्या. अंधारातही बोट चुकत नाही.

आणि रडर पेडल वापरताना खुर्चीला चाके असतील तर ती काढा किंवा अडवा. पेडल दाबले की खुर्ची मागे सरकते आणि डोके विमानाच्या मागच्या सीटवर जाते!

आपली,
जर्सी सिटीची सभासद


प्रेषक : सभासद, एडिसन

सप्रेम नमस्कार.

काका आणि ताई, आपले मनापासून आभार. बाबांचा पीडी ६४ निघाला. क्वेस्ट ३ आणि कडक पट्टा आणला आहे, काचा पुढच्या आठवड्यात येतील. तोवर त्यांचा जुना, फक्त लांबचा चष्मा सापडला, तो घालून आम्ही काल जोडणी करून पाहिली आणि दोन ठिकाणी अडलो.

पहिले असे की केबल लावून सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि टॅब दाबून व्हीआर चालू केले की मधेच स्टीमव्हीआर (स्टीमचा व्हीआर चालवणारा कार्यक्रम) उघडते, चित्र हिसके देते आणि कधी कधी काळेच राहते. दुसरे असे की वायफायवरून जोडले तर दर काही सेकंदांनी चित्र थबकते. राउटर खालच्या दिवाणखान्यात आहे, संगणक वरच्या खोलीत, आणि तोही वायफायवरच आहे. बाबा शांतपणे बसून होते, पण त्यांचा हिरमोड झालेला मला दिसत होता.


प्रेषक : सभासद, पार्सिपनी

सप्रेम नमस्कार.

दोन्ही गोष्टी सुटण्यासारख्या आहेत. खेळ आणि हेडसेट यांच्यामध्ये ओपनएक्सआर नावाचे एक ठरलेले मानक असते, आणि त्याची धुरा एका वेळी एकाच कार्यक्रमाकडे असते. आपल्याकडे आधी स्टीमव्हीआर बसवलेले असल्याने ती त्याच्याकडे राहिली आहे, त्यामुळे चित्र दोन हातांतून फिरून येते. संगणकावरच्या मेटाच्या लिंक अ‍ॅपमध्ये सेटिंग उघडून जनरल या भागात तेच अ‍ॅप ओपनएक्सआरसाठी सक्रिय करा, आणि बाहेरचे खेळ चालवण्याची परवानगी देणारे अननोन सोर्सेस हे बटणही चालू करा.

वायफायचे म्हणाल तर संगणकापासून राउटरपर्यंतचा रस्ता तारेनेच असला पाहिजे, आणि हवेतून जायचे ते फक्त राउटरपासून हेडसेटपर्यंत, शक्यतो त्याच खोलीत, पाच किंवा सहा गिगाहर्ट्झवर. वरच्या खोलीत इथरनेटची तार ओढणे अवघड असेल तर हेडसेट थेट संगणकाला केबलनेच जोडा. बसून खेळायच्या खेळात तिचा अडथळा होत नाही. मात्र ती यूएसबी ३ ची आणि पुरेशी लांब असू द्या, आणि खुर्चीच्या पाठीला एक सैल वळसा देऊन मग हेडसेटला लावा, म्हणजे मान वळवताना खाच ओढली जाणार नाही.

सिम्युलेटरमध्ये व्हीआरची सेटिंग पडद्याच्या सेटिंगहून वेगळी असतात, तिथे जाऊन ढग मध्यम करा. डीएलएसएसने (लहान चित्र काढून ते मोठे करण्याच्या कार्डाच्या तंत्राने) वेग वाढतो खरा, पण कॉकपिटमधल्या डिजिटल पॅनेलवरचे आकडे बदलताना त्यांची सावली मागे रेंगाळते. टीएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारे तंत्र) वापरून रिझोल्यूशन किंचित कमी केलेले मला अधिक वाचनीय वाटते. ७२ हर्ट्झ ठेवा. संगणकाने त्याच्या निम्म्या, म्हणजे ३६ फ्रेम स्थिर दिल्या की मधल्या फ्रेम मेटाची यंत्रणा स्वतः भरते. तेव्हा विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यांभोवती पाण्यावरच्या तरंगांसारखी थरथर दिसेल, तो बिघाड नव्हे. गाड्यांसाठी मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे पूर्ण वेग हवा. ताई ते सांगतीलच.

आणि एक कळकळीची विनंती. हेडसेट खिडकीपाशी ठेवू नका. भिंगांतून ऊन आत गेले तर एकवटून पडद्यावर डाग पडतो आणि तो दुरुस्त होत नाही. भिंगे पुसायला कोरडे मायक्रोफायबर कापडच वापरा.

आपला,
पार्सिपनीचा सभासद


प्रेषक : सभासद, एडिसन

सप्रेम नमस्कार.

ओपनएक्सआरचे बदलल्याबरोबर चित्र स्थिर झाले. वायफायचा नाद सोडून केबल लावली, खुर्चीची चाके काढली आणि सौभाग्यवतींच्या डब्यातल्या टिकल्या योकवर लागल्या. काचाही काल आल्या. आज सकाळी बाबांनी जुहूवर, आकाशातूनच सुरुवात करून, पट्टीला समांतर विमान नेले. मी शेजारी उभा राहून पडद्यावर त्यांना काय दिसते ते पाहत होतो. पंखाखालून पट्टी मागे सरकली, तशी त्यांनी मान डावीकडे वळवली, मग आणखी थोडी, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, आणि तोंडाने काही न बोलता फ्लॅपची गोल टिकली चाचपून एक टप्पा खाली घेतला व वळले. उतरणे काही नीट झाले नाही, विमान दोनदा उसळले. बारा मिनिटे झाल्यावर मीच थांबायला सांगितले.

येत्या शनिवारी दुपारी ज्या सभासदांना हेडसेट लावून पाहायचा असेल त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. येताना आपला पीडीचा आकडा घेऊन यावा आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर लांबचा जुना चष्मा सोबत आणावा.

आपला,
एडिसनचा सभासद