दारू सुटून सात महिने झाले. मेहुण्याच्या हळदीला काय करू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायला पहिल्यांदाच बसलो. (हा 'बसलो' शब्द पण आता जपूनच वापरतो.)

वय ४३. नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. अठरा वर्षं प्यायलो, त्यातली शेवटची सहा रोज. मागच्या वर्षी घरच्या घरी, स्वतःच्या हिमतीवर बंद केली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली आणि मी चादरीने झाडत सुटलो. बायकोने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिला म्हणाले, रोज पिणाऱ्याने अशी एकदम तोडायची नसते, फिट येते, माणूस जातोही. आधी तिथे ॲडमिट, मग पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात. तेव्हापासून थेंब नाही. डायसल्फिरामची गोळी (ही चालू असताना दारू पोटात गेली तर त्रास होतो) सकाळी बायकोसमोर घेतो, माझ्या राजीखुशीने.

आता अडचण. येत्या १८ तारखेला मेहुण्याची हळद आहे, भिवंडीजवळ. तिकडची हळद म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. डीजे, मटण आणि रात्रभर बाटल्या. मी जावई, न जाऊन चालणार नाही. मागच्या हळदीत टेबलावर नाचणारा मीच होतो, त्याचा व्हिडिओ अजून सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. दाजी नुसतं सरबत पिताहेत म्हटल्यावर पोरं सोडणार नाहीत. भीती ही, की गंमत म्हणून कुणी थम्सअपमध्ये ओतून दिली तर? पित्ताचं कारण सांगू, उपवास सांगू, की खरं सांगून टाकू?

दुसरी गोष्ट छोटी, पण तीच जास्त छळते. पहिली पाळी साडेतीनला सुटते, चारला घरी. चार ते नऊ काय करायचं? पूर्वी हा वेळ कसा जायचा ते कधी कळलंच नाही. आता घड्याळाचा काटा ढकलावा लागतो. गोड खायची सवय लागलीय, गुळाची ढेप आठवड्यात संपते. आणि घरात शिरलो की बायको पाण्याचा तांब्या घेऊन जरा जास्तच जवळ येते. वास घेते, मला कळतं. परवा दाढ दुखत होती म्हणून लवंगेचं तेल लावून आलो, तर दोन दिवस बोलली नाही. सात महिने झाले हो! अजून किती दिवस?

प्रतिसाद – कोरडा पाऊस

मी ११ वर्षं कोरडा आहे, एएमध्ये (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगला जातो. कारणं सांगू नका. पित्त म्हणालात तर "बियरने काही होत नाही" म्हणणारा डॉक्टर प्रत्येक मांडवात असतो. सगळ्यांना नाही, पण मेहुण्याला आणि आणखी एकाला आधीच फोन करून खरं सांगा. जेवून जा, उपाशी पोटी ओढ वाढते. थम्सअपची बाटली स्वतः फोडायची, ग्लास खाली ठेवायचा नाही. ठेवला तर परत उचलायचा नाही, नवीन घ्यायचा. गाडी स्वतःची, किल्ली स्वतःच्या खिशात. आणि संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर मीटिंगच आहे. पहिले दोन महिने मलाही कंटाळा यायचा. मी चहासाठी जायचो.

प्रतिसाद – मधल्या आळीतला

भाऊ, सात महिने कंट्रोल केला म्हणजे आता सुटलीच की. एखादी बियर घेऊन बघा, उगाच टेन्शन घेताय.

प्रतिसाद – औषधवाली

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. मी फार्मासिस्ट आहे. या गोळीमुळे दारू पचताना मध्येच अडकते आणि अॅसिटाल्डिहाइड अंगात साठतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातं. गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणून "हळदीपुरती गोळी बंद" हा विचारही नको. कुणी ओतलीच आणि असं काही वाटलं तर लाजू नका, सरळ दवाखाना गाठा आणि कुठली गोळी चालू आहे ते सांगा. काही खोकल्याच्या औषधांत, टॉनिकांत, माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, लेबल वाचा. आणि वाचणाऱ्या बायका-आयांना हात जोडून विनंती: ही गोळी आमटीत, चहात चोरून घालू नका. घरात कुणाला विचारायची सोय नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

प्रतिसाद – तांब्यावाली

मीही तांब्या घेऊन जवळ जायचे. सात महिने तुम्ही मोजताय, ती अठरा वर्षं मोजतेय. आमचे हे सुटले त्याला बरीच वर्षं झाली, तरी उशीर झाला की माझे कान अजून जिन्याकडे असतात. तुमच्यावर संशय असतो असं नाही, अंगवळणी पडलेलं असतं. मुक्तांगणमध्ये बायकांचा सहचरी गट आहे, तिला तिथे नेऊन बसवा. माझं निम्मं डोकं तिथे हलकं झालं. आणि लवंगेचं तेल लावलं तर शिरतानाच सांगा ना, "दाढेला लवंग लावलीय, बघ." तिला चोरून वास घ्यावा लागतोय, ते तिलाही आवडत नसेल.

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. मेहुण्याला काल फोन केला. आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "दाजी, तुमच्या बाटल्या मी वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवतो." मला काम पण दिलंय, रात्री मटणाच्या टोपाशी उभं राहायचं. गुरुवारच्या मीटिंगचा पत्ता काढलाय. तांब्यावाली ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण पाणी टेबलावरच ठेवलं.

प्रतिसाद – कोरडा पाऊस

अहो, टोपाशी नका उभे राहू! हळदीतली पहिली बाटली तिथेच फुटते, आचाऱ्याच्या नावाने.

मूळ लेखक

खरंय, मागच्या वेळी मीच फोडली होती. पार्किंगचं काम मागून घेतो.