साठीनंतर परत सायकल, कुठली घेऊ?

निवांत_६१
नमस्कार मंडळी, कॉलेज सुटलं तशी सायकलपण सुटली, आता रिटायर झाल्यावर परत चालवावीशी वाटतेय. परवा पुतण्याची एमटीबी (डोंगरातली ती माउंटन बाइक) घेऊन अर्धा तास फिरलो. चालवायला विसरलो नव्हतो पण उतरताना पाय दांड्याला अडकला आणि सायकलसकट कुंपणावर जाऊन टेकलो. शिवाय दोन्ही हातांच्या करंगळ्या संध्याकाळपर्यंत झिणझिणत होत्या. घरचे म्हणतात जाड जेल सीट घाला म्हणजे झालं. उजवा गुडघा कुरकुरतो, वेगाची हौस नाही, रोज ८-१० किलोमीटर बास. काय बघून घेऊ?

चेनतेल
काका जेल सीटने करंगळ्यांच्या मुंग्या नाही जाणार हो. पुढे वाकून सगळा भार तळहातांवर येतो आणि करंगळीकडे जाणारी नस दबते, म्हणून हँडल सीटपेक्षा वर आणि जवळ हवं, बसल्यावर कोपरं सैल पडली की समजायचं जमलं. हल्लीच्या बऱ्याच सायकलींचं हँडल नुसतं वर ओढता येत नाही, स्टेम म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा बदलायला लागतो, तेव्हा घ्यायच्या आधीच विचारा.
आणि सीट अंगठ्याने दाबून मऊ लागली की आपण खुश, पण थोड्या वेळाने हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन टोचतो. मऊपणा नको, रुंदी बघा. ताठ बसणाऱ्याला जरा रुंदच लागते.

मोडकी_घंटी
मी ५८ ची. दांडा खाली वाकवलेली फ्रेम घ्या, आपण लेडीज सायकल म्हणायचो ना तीच, आता स्टेप थ्रू म्हणतात. आमच्या ह्यांनी वर्षभर "ती बायकांची" म्हणून हात लावला नाही, आता माझीच घेऊन पळतात!! दुकानात कॅरियरला पिशवी बांधून चढून उतरून बघा. रिकाम्या सायकलवर मागून टांग टाकता येते, सामान असलं की कळतं.

निवांत_६१
पिशवीचं लक्षातच आलं नसतं. सीट किती उंच ठेवायची? मला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो.

चेनतेल
तिथेच तर गुडघ्याची वाट लागते! पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने मारताना गुडघ्यात थोडासा वाक उरतो. थांबताना सीटवरून पुढे सरकून उतरायचं, चारपाच दिवसांत सवय होते. अगदीच धीर होत नसेल तर पायडल थोडं पुढे असलेल्या फ्रेम मिळतात, त्यात सीटवर बसून पाय टेकतात आणि गुडघापण पुरेसा सरळ होतो.
गिअर हलका हवा, मागची मोठी चकती ३४ दातांची असली तर चढावर गुडघा शिव्या देणार नाही. स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे उगाच वजन, त्यापेक्षा ४०-५० मिमी रुंद टायर घ्या आणि हवा दगडासारखी भरू नका, टायरच्या कडेला छापलेला कमाल आकडा गाठायलाच हवा असं नसतं.

गिअरवाला
हब गिअर पण बघा, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यात बंद असलेले गिअर, सिग्नलला उभ्या उभ्या गिअर उतरवता येतो. फक्त मागचं पंक्चर काढायला किचकट.

निवांत_६१
उद्या पिशवी घेऊनच दुकानात जातो. पुतण्या म्हणाला काका लेडीज सायकल?? त्याला त्याच्या हँडलचा वाकलेला ब्रेक दाखवला, गप्प बसला.